एकट्याला उचलता येईल तीच गाडी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दाभोळ ते रेडी बाइकवरून केलेल्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नव्हतं, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न निवडलेत. "कुठली गाडी घेऊ" हेच विचारणारे निम्म्याहून जास्त आहेत, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा, वय २९, उंची ५ फूट ४ इंच, वजन ६० किलो. आत्तापर्यंत स्कूटरच चालवलीय. दिवाळीनंतर रेवस ते रेडी सागरी मार्गानं एकट्यानं जायचंय आणि पुढच्या वर्षी हिमाचलमधल्या स्पितीला. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मनात भरलीय, पण एक मित्र म्हणतो पाय टेकणार नाहीत, हिरोची एक्सपल्स २०० घे. दुसरा म्हणतो दोनशे सीसीवर स्पितीला गेलास तर रडशील. काय करू?

उत्तर : दोघेही मित्र अर्धं अर्धं बरोबर आहेत, पण दोघांनीही तुम्हाला खरा प्रश्न विचारलेलाच नाही, तो म्हणजे गाडी आडवी पडली तर तुम्हाला एकट्याला उचलता येईल का.

मी हे का म्हणते ते सांगते. माझी आधीची गाडी रिकामीच १९० किलोच्या पुढची होती, त्यावर दोन सॅडलबॅगा, मागे टेलबॅग. दाभोळहून धोपाव्याला जायला फेरीबोटीत चढत होते, पाऊस नुकताच संपलेला, लोखंडी रॅम्पवर चिखल आणि डिझेलचा तेलकट थर. पुढचा टेम्पो मध्येच थांबला, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि डावा पाय टेकवला तो नेमका चिकट पट्टीवर. गाडी हळूच, अगदी झोपल्यासारखी आडवी झाली. बोटीवरच्या दोघांनी धावत येऊन उचलली, फक्त क्लचचा लिव्हर वाकला, विषय संपला. पण त्याच प्रवासात दोन दिवसांनी राजापूरच्या बाजूला कातळावर एका कच्च्या वाटेनं खाली समुद्राकडे उतरताना परत तेच झालं, सुट्ट्या जांभ्याच्या खडीवर पुढचं चाक घसरलं. आणि तिथं कोणी नाही. दुपारचे दोन, सड्यावर झाड नाही, मोबाइलला रेंज नाही. तीनदा जोर लावला, हलली नाही. शेवटी सगळ्या बॅगा सोडल्या, पाणी प्यायले, पंधरा मिनिटं गाडीच्याच सावलीत बसले आणि मग चौथ्यांदा उठली. त्या दिवसापासून माझ्यासाठी सीसी, हॉर्सपॉवर सगळं दुसऱ्या नंबरवर गेलं.

आता आकडे बघा. हिमालयन ४५० मध्ये ४५२ सीसीचं लिक्विड कूल इंजिन, ४० पीएस (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) ताकद, १७ लिटरची टाकी, सीट ८२५ मिमी आणि ती ८४५ पर्यंत वर करता येते, वजन १९६ किलो. एक्सपल्स २०० ची सीट पण ८२५ च्या आसपासच आहे, म्हणजे तुमचा मित्र काहीही म्हणो, पाय टेकण्यात फार फरक नाहीच, पण वजन १६० किलोच्या आतबाहेर, टाकी १३ लिटर. हा जो ३५ किलोचा फरक आहे ना, तो म्हणजे तांदळाचं एक मोठं पोतं. हायवेवर ते पोतं जाणवत पण नाही, कच्च्या वाटेवर पाय घसरला की तेच अंगावर येतं. आणि यात तुमचं सामान धरलेलंच नाही. मधली म्हणून सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आहे, २४९ सीसी, १६७ किलो, सीट ८३५, ती डांबरी रस्त्यावर जास्त निवांत चालते पण पुढचं चाक १९ इंची आहे, बाकीच्या दोघींचं २१, त्यामुळे दगडधोंड्यात ती थोडी कमी पडते.

सीटच्या आकड्याला फार घाबरू नका. दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत असं काही नाही, सिग्नलला थांबताना बूड थोडं एका बाजूला सरकवून एक पाय नीट टेकला तरी काम होतं, फक्त ती सवय मोकळ्या मैदानात करून घ्या, घाटात नको. शोरूमला जाताना प्रवासात जे बूट घालणार तेच घालून जा, चप्पल घालून बसलात तर अंदाज चुकतो. बसा, मग उतरा, गाडी शेजारी चालत ढकलून रिव्हर्स घ्या, थोड्या उतारावर वळवा. तिथं घाम फुटला तर खरेदी थांबवा.

स्पितीचं म्हणाल तर तिथलं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथं हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे टर्बो नसलेल्या कुठल्याही इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद जाते, फ्युएल इंजेक्शन असलं तरी. दोनशे सीसी तिथं हळू चढेल, पण चढेल, दरवर्षी किती तरी लोक जातात. दोनशेचा खरा त्रास इथून तिथपर्यंतच्या हायवेचा आहे, दिवसभर ऐंशीच्या पुढं पळवली की ती कुरकुरते आणि तुम्ही पण. त्यावर सोपा उपाय म्हणजे गाडी रेल्वेनं पार्सल करून चंदीगडपर्यंत पाठवायची, टाकी रिकामी करून द्यावी लागते तेवढं लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर तुम्ही स्कूटरवरून थेट येताय, एकटे जाताय, वजन ६० किलो, तुम्हाला एक्सपल्स. दोन वर्षं ती चालवा, आडवी करा, उचला, मग ४५० घ्या, तेव्हा तिचं इंजिन खऱ्या अर्थानं कळेल. अजून एक, गुहागर असो की राजापूर, छोट्या गावातल्या मेकॅनिककडे कुठल्या गाडीची क्लच केबल आणि ब्रेक पॅड मिळतात ते आधी विचारून घ्या, प्रवासात शोरूम शंभर किलोमीटरवर असतं, आणि रविवारी बंद.

उचलायची पद्धत पण लिहून ठेवते. आधी किल स्विचनं, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणानं, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे सरकणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उचलल्यावर ती दुसऱ्या बाजूला जाते. हँडल खालच्या बाजूला पूर्ण वळवा, खालची मूठ टाकीजवळ येते. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा, खाली बसा, एक हात मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर (सीटमागच्या धरायच्या दांड्यावर), पाठ ताठ, आणि पायांनी मागे मागे छोटी पावलं टाकत उठा. वाकून कमरेनं उचलायला जाऊ नका, कंबर धरली की प्रवास तिथंच संपतो.

प्रश्न : मुलगा रत्नागिरीला कॉलेजला आहे, एकोणीस वर्षांचा. ॲडव्हेंचर बाइकच पाहिजे म्हणून हट्ट करतोय. घरी चांगली चालणारी १२५ सीसी आहे. घेऊन द्यावी का? — एक आई, देवगड

उत्तर : काकू, आत्ता नका देऊ, पण त्याला घरी पण बसवू नका. सागरी मार्गावर सगळा रस्ता नागमोडी, मध्ये गावं, गुरं, शाळा सुटलेली पोरं, तिथं चाळीस-पन्नासच्या पुढं तसंही कोणी शहाणा माणूस जात नाही, आणि एवढ्याला १२५ भरपूर झाली. गाडीवर पाच-सहा हजार खर्च करा, दोन्ही टायर नवे, ब्रेक शू, चेन स्प्रॉकेट (चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं), आणि उरलेल्या पैशात त्याला चांगलं आयएसआय मार्क असलेलं फुल फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घेऊन द्या. मग देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण असा एक मुक्कामाचा प्रवास त्याला एकट्याला करू द्या, पंक्चर काढणं आणि चेन ताणणं आधी शिकवून. तो परत आल्यावर काय बोलतो ते ऐका. गाडीबद्दल बोलला तर अजून थांबा, रस्त्याबद्दल, भेटलेल्या माणसांबद्दल बोलला तर पुढच्या वर्षी त्याच्यासोबत बसून मोठ्या गाडीचं बजेट काढा. माझा पहिला लांबचा प्रवास भावाच्या शंभर सीसीवर झाला आणि अजून तो सगळ्यात जास्त आठवतो.

प्रश्न : मालवणला राहतो, नवी गाडी आठ महिन्यांत गंजायला लागली, स्पोकच्या टोकांना तपकिरी डाग. काय करावं? किनाऱ्यावर वाळूत चालवली तर चालते का? — एक वाचक

उत्तर : मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून गाडी वरून कोरडी दिसली तरी मिठाचा थर खाली आपलं काम करतच असतो. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुणं. प्रेशरची बंदूक नको, तिनं पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांमध्ये घुसतं, साधा पाइप आणि स्पंज बस झाला. धुऊन झाल्यावर दहा मिनिटं गाडी फिरवून आणा म्हणजे पाणी उडून जाईल, मग स्पोक जिथं रिमला मिळतात तिथं, फूटपेगच्या (पाय ठेवायच्या दांड्यांच्या) पिना, स्टँडची स्प्रिंग, बॅटरीचे टर्मिनल, या सगळ्याला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. प्लॅस्टिकचं कव्हर अजिबात घालू नका, आत घाम धरतो. घालायचंच तर कापडी, आणि गाडी गार झाल्यावर. चेन दर पाचशे किलोमीटरला रॉकेल आणि मऊ ब्रशनं साफ करून लगेच ल्युब म्हणजे वंगण, पेट्रोल मात्र वापरू नका, चेनमधल्या रबरी ओ रिंग खराब होतात. किनाऱ्याला मी हे पाचशेचं गणित पावसात तीनशेवर आणते.

वाळूत नका घालू, हे मी अगदी हात जोडून सांगते. गाडीचं नुकसान तर आहेच, खारं पाणी आणि वाळू दोन्ही एकदम ब्रेकमध्ये आणि चेनमध्ये जातात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून लोकांनी ती घरटी राखायला सुरुवात केली, आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी गावांनी पुढे ते काम उचललं. घरटं वाळूत जेमतेम हात-दीड हात खोल असतं, वरून काही दिसत नाही. मी वेळासला एकदा पहाटे पिल्लं सोडताना बघितलीत, तळहातात मावतील एवढी, ओल्या वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या खड्ड्यातून वर चढायला एकेकाला मिनिटभर लागत होतं. आपल्या टायरची चाकोरी त्यांना केवढी मोठी होईल याचा विचार करा. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा आणि चालत जा. आणि नारळाखाली लावू नका, टाकीला पडलेला पोचा सहजासहजी निघत नाही.

प्रश्न : ट्यूबवाला स्पोक रिम की ट्यूबलेस अलॉय (तारा नसलेलं ओतीव चाक)?

उत्तर : कोकण आणि बाकीच्या महाराष्ट्रात फिरायचं असेल तर ट्यूबलेस, डोळे झाकून. खिळा घुसला तरी हवा हळू जाते, भोकात रबरी प्लग मारला, छोट्या पंपानं हवा भरली, पंधरा मिनिटांत निघालात. दगडाळ ट्रेलवर नेहमी जाणार असाल तर स्पोक, कारण अलॉय जोरात आपटलं तर तडकतं, स्पोकचं रिम वाकतं आणि ठोकून सरळ करता येतं. पण मग स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि टायर सोडवायची प्रॅक्टिस, तिन्ही सोबत पाहिजे. आता काही गाड्यांना ट्यूबलेस स्पोक पण मिळतात, परवडत असेल तर उत्तम.

प्रश्न : जुनी हिमालयन ४११ स्वस्तात मिळतेय. काय बघून घ्यावं? — एक वाचक, कणकवली

उत्तर : सीट ८०० मिमी असल्यानं कमी उंचीच्या माणसाला ती आवडते, टाकी १५ लिटर, शांत चालणारी गाडी, पण वजन १९९ किलोपर्यंत, पहिलं उत्तर परत वाचा. ही २०१६ पासूनची आहे, सुरुवातीच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं तंत्र) नव्हतं, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, म्हणून शक्यतो २०१९ नंतरचीच बघा. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) मिळाली तर अजून बरं, तिच्यात मागचा एबीएस बंद करता येतो, खडीच्या उतारावर त्याचा उपयोग होतो.

बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगा आधी सुरू करून ठेवू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं ते ऐकायचंय. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू डावीकडून उजवीकडे फिरवा, मध्ये कुठं खटकलं की कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ दिसली तर ऑइल सील गेलंय. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेत का बघा. आणि टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, किनाऱ्यावरच्या उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज असतो, तो दिसला तर स्वस्त असली तरी सोडून द्या.

प्रश्न : कोल्हापूरहून आंबा घाटानं उतरून बायकोसोबत गुहागर, दापोली, हरिहरेश्वर करायचंय. गाडी फेरीबोटीत चढवायची भीती वाटते. — एक वाचक

उत्तर : भीती बरोबर आहे, मीच तिथं पडलेय. तुम्हाला तीन बोटी लागतील, तवसाळ-जयगड, धोपावे-दाभोळ आणि वेसवी-बागमांडला. पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून बोट चालू आहे का विचारा, वारं सुटलं की बंद ठेवतात. वहिनींना जेटीवरच उतरवा, त्या चालत चढतील. पुढची गाडी पूर्ण आत जाऊन थांबेपर्यंत तुम्ही रॅम्पवर चढूच नका. पहिला गिअर, हँडल सरळ, क्लच पूर्ण सोडलेला, आणि रॅम्पवर पुढच्या ब्रेकला बोट पण लावायचं नाही, थांबायचं झालं तर मागचा, हळू. आत गाडी गिअरमध्येच ठेवून साइड स्टँडला लावा आणि शेजारी उभे राहा, वडापाव खायला वरच्या मजल्यावर वहिनींना पाठवा, तुम्ही नका जाऊ. समोरचा किनारा आला की सगळे एकदम इंजिन सुरू करतात, तुम्ही करू नका, चारचाक्या आणि टेम्पो खाली उतरू द्या, त्यांच्या टायरनं रॅम्पवरचं पाणी बरंचसं निघून जातं, मग निघा.