दारात न येणारा सावकार आधी मिटवा

प्रश्न : नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, हातात ४२ हजार येतात, मी घरी शिलाई करते त्याचे सहा-सात हजार, लग्नसराईत जास्त. एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं २० लाखाचं होमलोन आहे, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्के, फ्लोटिंग, म्हणजे दर वरखाली होणारं, आहे म्हणाले होते, हप्ता १७,३५६. तीन वर्षं झाली. परवा स्टेटमेंट काढलं तर बाकी १८ लाख ७० हजार! सव्वासहा लाख भरून एवढंच कमी झालं हे बघून दोन दिवस जेवण गेलं नाही. शिवाय गाडीचा हप्ता ३,२०० आहे, त्याचे चार महिने राहिले. क्रेडिट कार्डाचे ४८ हजार, ते दर महिन्याला मिनिमम भरतो. पतसंस्थेत सोनेतारण १ लाख २० हजार, १४ टक्क्यांनी. आणि घरभरणीच्या वेळी माझ्या भावाकडून घेतलेले १ लाख, त्याला व्याज नाही पण राखीला जायची लाज वाटते. सासऱ्यांचं औसा तालुक्यात रान आहे, त्यांच्यावर पीककर्ज दीड लाख. मुलीच्या नावची ७० हजारांची एफडी आहे आणि दिवाळीत ६० हजारांची भिशी लागेल. मिस्टर म्हणतात भिशी आली की भावाचे देऊन टाकू, सासरे म्हणतात पीककर्ज मिटवा. होमलोन लवकर फेडणं आमच्या आवाक्यात आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आवाक्यात आहे, पण होमलोनची पाळी सगळ्यात शेवटी येते.

आधी ते स्टेटमेंटचं बघू, म्हणजे जेवण जाईल. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. २० लाखावर साडेआठ टक्क्याने पहिल्या महिन्याचं व्याजच १४,१६७ होतं, म्हणजे १७,३५६ मधले जेमतेम ३,१८९ मुद्दलात गेले, पुढे दर महिन्याला थोडे थोडे जास्त जातात पण सुरुवातीची बरीच वर्षं हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजच खातं. म्हणूनच सुरुवातीला भरलेला जास्तीचा पैसा फार कामाचा असतो, तो सगळा मुद्दलावर पडतो. आजच्या बाकीत एकदाच ५० हजार भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे ११ हप्ते गळतात, म्हणजे १ लाख ९० हजार भरायचे वाचतात.

पण ते नंतर. तुमच्या घरात आत्ता जी भांडाभांडी आहे ती कुणाचे आधी द्यायचे यावर आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. आपल्याकडे ज्याच्यासमोर मान खाली जाते त्याचे पैसे आधी दिले जातात. भाऊ भेटतो, पीककर्जाच्या सोसायटीचा सचिव गावात दिसतो, म्हणून भाऊ आणि पीककर्ज आठवतं. क्रेडिट कार्ड दारात येत नाही, मिनिमम भरलं की फोनसुद्धा करत नाही, आणि सगळ्यात महाग तेच आहे. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ४८ हजारांवर १,६८० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले जवळपास दोन हजार. तुम्ही मिनिमम म्हणून २,४०० भरत असाल तर त्यातले चारशेच खऱ्या कर्जात जातात, आणि बाकी ठेवून वर नवीन खरेदी केली तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

म्हणून मुलीची एफडी मोडा. मला माहितीये लेकरांच्या नावचं मोडायला जीव होत नाही, पण सात टक्के मिळवायला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज भरतोय तोवर ती एफडी मुलीची राहतच नाही, तिच्या नावावर आपण कार्ड कंपनीला पोसतोय. ४८ हजार कार्डाला, उरलेले २२ हजार बाजूला, आणि कार्डाचे जे २,४०० सुटतील त्यातल्या हजार रुपयांची आरडी मुलीच्या नावाने त्याच दिवशी सुरू करा, उद्यावर टाकू नका. सुकन्या समृद्धीचं खातं असेल तर त्याला मात्र हात लावू नका.

ते २२ हजार घरासाठी संकटाचे म्हणून ठेवायचे, ते होमलोनमध्ये घालायचे नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, काढायला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, काही ठिकाणी रानातली मातीसुद्धा वाहून गेली. अशा वर्षी हातात रोख नसेल तर माणूस परत कार्ड घासतो नाहीतर खासगी सावकाराकडे जातो. त्यामुळे सासऱ्यांच्या सोयाबीनचे पैसे तुमच्या हप्त्याच्या हिशोबात कधीच धरू नका, आडतीवरून विक्रीची पट्टी हातात आली आणि घरखर्च भागून काही उरलं तर त्याचं पार्ट पेमेंट करा, म्हणजे हप्त्याशिवाय जास्तीची रक्कम कर्जात भरा.

पीककर्जाचं सासऱ्यांना नीट समजावून सांगा, आदराने, कारण त्यांची पिढी डोक्यावर कर्ज नको या विचाराची आहे आणि तो विचार चांगलाच आहे. पण आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. तेव्हा सोनं १४ टक्क्यांवर गहाण ठेवून शून्य टक्क्याचं कर्ज मुदतीआधी फेडण्यात काही अर्थ नाही. मुदत मात्र चुकवायची नाही, वेळेत भरून नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं घ्या. कर्जमाफी येईल म्हणून थकवू नका, थकलं की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या वर्षी बँक दारात उभं करत नाही. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत तर नियमित भरणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं होतं.

आता भिशी. नुसत्या आकड्यांनी बघितलं तर सगळे ६० हजार सोनेतारण फेडायला जायला पाहिजेत, भावाला व्याज नाही. पण मी तसं सांगणार नाही. २० हजार भावाला द्या, ४० हजार सोन्याला. आणि भावाला नुसते पैसे देऊ नका, समोर बसून सांगा की दादा, राहिलेले ८० हजार या या महिन्यापासून एवढे एवढे देणार आहोत, वहिनींनाही सांगा. तारीख सांगितली की लाज निम्मी कमी होते, आणि त्यांच्या घरातही काही कार्य असेल, लेकरांचं ॲडमिशन असेल तर ते आताच कळेल. सोन्याचं राहिलेलं ८० हजार जमलं तर बँकेच्या सोनेतारणात फिरवा, तिथे व्याज बहुतेक वेळा बरंच कमी असतं, आधी दोन बँकांत विचारून या.

चार महिन्यांनी गाडीचा हप्ता संपेल आणि भिशीचा हप्ताही कधीतरी संपेल. इथेच बहुतेक घरं घसरतात, हप्ता संपला की नवा मोबाईल नाहीतर मोठा टीव्ही घरात येतो आणि परत हप्ता. तुम्हाला त्या ३,२०० शिवाय जगायची सवय झालेली आहे, ते तसेच पुढे ढकला, आधी सोनं, मग भाऊ, आणि ते दोन्ही मिटलं की महिन्याला ३ हजार होमलोनला. आजच्या बाकीवर हिशोब मांडला तर ३ हजार जास्त भरल्याने २०४ हप्त्यांच्या जागी १४९ उरतात, साडेचार वर्षं कमी आणि व्याज साधारण ५ लाखांनी कमी. तुम्ही सोनं आणि भाऊ मिटल्यावर सुरू कराल म्हणून फायदा थोडा कमी दिसेल, तरी मोठाच आहे.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला, म्हणजे सव्वा टक्का उतरवला. तुमचं लोन फ्लोटिंग आहे तर मग अजून साडेआठच का? बँकांनी ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली फ्लोटिंग होमलोन बाहेरच्या दराशी, बहुतेक रेपोशीच, जोडलेली असतात त्यामुळे ती आपोआप उतरतात, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम नाही, त्या स्वतःचा दर ठरवतात. लेखी अर्ज देऊन दर कमी करून मागा, थोडी कन्व्हर्जन फी, म्हणजे दर बदलण्याची फी, पडेल. ऐकत नसतील तर बँकेत ट्रान्सफर करायची चौकशी करा, प्रोसेसिंग आणि इतर खर्च धरून. अर्धा टक्का जरी कमी झाला आणि हप्ता तोच ठेवला तरी एक वर्षाचे हप्ते जातात. ते विचारतील, हप्ता कमी करू का मुदत? मुदत म्हणा आणि लेखी घ्या. व्यक्तीच्या नावच्या फ्लोटिंग होमलोनवर पार्ट पेमेंटचा दंड लावता येत नाही, कुणी मागितला तर भरू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, नाही ऐकलं तर हाउसिंग फायनान्ससाठी राष्ट्रीय आवास बँकेकडे आणि बँक असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

हे सगळं एका वहीत लिहा आणि रविवारी सासऱ्यांसकट सगळ्यांनी बसून बघा. मुलगी शाळेत जाण्याएवढी असेल तर तिलाही बसवा, तिची एफडी मोडतोय हे तिला कळू द्या आणि आरडीचं पासबुक तिच्याच हातात द्या.

प्रश्न : मी जालन्यात स्टील कारखान्यात आहे. पीएफमध्ये बरीच रक्कम झालीय, ती काढून होमलोन मिटवू का? दुसरं, ऑफिसातले म्हणतात होमलोन टॅक्ससाठी चालू ठेवावं.
— एक वाचक, जालना

उत्तर : दादा, पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं, तुमचं लोन ७.९ आहे असं तुम्ही पत्रात लिहिलंय, मग काढून फायदा काय? म्हातारपणी कारखाना पगार देणार नाही, ते पैसे राहू द्या. टॅक्सचं म्हणाल तर नव्या पद्धतीत स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही आणि २०२५-२६ पासून त्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, टॅक्सच लागत नाही. जुन्या पद्धतीत असाल तर २ लाखांपर्यंत व्याज वजा होतं, पण तिथेही शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये वाचवण्यासाठी कर्ज लांबवायचं हे मला पटत नाही. बोनस येईल तो भरत चला.

प्रश्न : आमचं लोन मागच्या महिन्यात पूर्ण फिटलं. आता काय काय कागद घ्यायचे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मनापासून अभिनंदन, घरात सगळ्यांचं! नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, आणि सगळे मूळ कागद, खरेदीखतासकट, यादीशी ताडून घ्या. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे, पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत कागद परत द्यायचे, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये तुम्हाला. सेरसाईतली, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली, नोंद काढली का ते विचारा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवलेला असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला अर्ज द्या, तो आपोआप उतरत नाही आणि पुढे वाटणी-विक्रीच्या वेळी अडतं. दीड-दोन महिन्यांनी सिबिल, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, काढून बघा, तिथे 'क्लोज्ड' असलं पाहिजे, 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलं असं, दिसलं तर लगेच बँकेला लिहा.