गोचीडताप उतरला, तरी चाचणी पॉझिटिव्ह का?

प्रश्न : आमच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याला पावसाळ्यात गोचीडताप झाला होता. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन दिल्यावर तो खडखडीत बरा झाला. दोन महिन्यांनी बेळगावात पुन्हा रक्त तपासले, तर अर्लिकियाची (गोचीडतापाच्या जंतूची) चाचणी पॉझिटिव्हच आली. औषध परत सुरू करावे काय? लसीचा परिणामही अशाच चाचणीने कळतो काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : केवळ या अहवालावरून औषध सुरू करू नये. दवाखान्यातील किटवर उमटणारी रेघ बहुधा जंतूची नसून, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते आणि ही प्रतिपिंडे जंतू नष्ट झाल्यावरही कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे रक्तात राहतात. उलट, तापाच्या पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयार झालेली नसल्याने आजारी कुत्र्याचीही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

प्रयोगशाळा प्रतिपिंडांचा 1:320 असा आकडा देते, तेव्हा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) दुपटीदुपटीने पातळ करत नेऊन प्रतिक्रिया कुठवर दिसते, ते पाहिलेले असते. 1:160 चे 1:320 होणे हा फरक मोजणीतलाही असू शकतो. चौपट वाढीला मात्र अर्थ असतो. म्हणूनच उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा संशय असल्यास (उसाच्या फडात उंदरांमागे धावणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत तो जरूर घ्यावा) दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने एकाच प्रयोगशाळेत तपासतात. त्या कुत्र्याला लेप्टोची लस केव्हा दिली, हेही सांगावे, कारण लसीनेही आकडा वाढतो.

लसीचा परिणाम मोजता येतो. रेबीजसाठी दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक ही मान्य पातळी आहे. भारतातून युरोपीय संघातील देशांत कुत्रा न्यायचा असल्यास लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन ती सिद्ध करावी लागते. गावात राहणाऱ्या कुत्र्यासाठी हा खर्च मला अनाठायी वाटतो. त्याला वेळच्या वेळी लस द्यावी. चावणाऱ्या कुत्र्याला रेबीज आहे की नाही, हे मात्र या चाचणीने ठरत नाही. त्याची खात्री मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते.

आपल्या कुत्र्याच्या प्लेटलेट्स मोजून घ्याव्यात. त्या कमी असतील, किंवा नाकातून रक्त येणे, हिरड्या पांढुरक्या पडणे अशी लक्षणे दिसली, तर जंतूचाच शोध घेणारी पीसीआर चाचणी पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावी. गोचिडीची मादी भिंतीच्या भेगांतही अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर औषध लावताना तो बसतो त्या पडवीच्या भेगाही बुजवून घ्याव्यात.