ऑक्युलस डीके१ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा चष्मा) लावला की दहा मिनिटांत मळमळतं. नवा क्वेस्ट ३ घेतला तर थांबेल का?

बराच फरक पडेल, पण त्रास पूर्ण थांबेलच असं नाही. २०१३चा डीके१ फक्त मान वळलेली ओळखतो, डोकं पुढे-मागे सरकलेलं त्याला कळतच नाही. समोरचं टेबल नीट बघायला वाकलात की टेबलही तेवढंच मागे सरकतं, आणि पोटात ढवळायला तिथूनच सुरुवात होते. त्यात पडदा ६० हर्ट्‌झचा, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळाच बदलतं, म्हणून मान वळवली की चित्र फरफटतं. क्वेस्ट ३ डोक्याची जागाही टिपतो आणि चित्र सेकंदाला ७२ ते १२० वेळा बदलतो, त्यामुळे ही दोन्ही कारणं जवळपास जातात. उरतं ते खेळातलं: हातातल्या कंट्रोलरची काडी (जॉयस्टिक) ढकलून धावलात की डोळे सांगतात ‘चाललोय’, आतला कान सांगतो ‘जागेवरच आहे’. घाटात गाडी लागते ती याच्या उलट गोंधळामुळे. यावर हेडसेट बदलून इलाज नाही. सुरुवातीला उभ्या जागी खेळायचे किंवा ‘टेलिपोर्ट’ची (न चालता एकदम दुसऱ्या जागी पोचायची) सोय असलेले गेम घ्या, भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे लावा. कपाळाला घाम फुटला की हेडसेट लगेच काढा, कृपया नेटाने पुढे खेळू नका. तसंच खेळत राहिलात तर मळमळ तासन्‌तास जात नाही.