व्याख्यानाचे गुण आणि श्रोत्यांचे शेरे

प्रश्न : बेंगळूर येथील डेव्हलपर परिषदेत मी प्रथमच बोललो. संगणकात देवनागरी मजकूर कसा साठवला जातो, हा माझा विषय होता. सभागृहात ८६ श्रोते होते. अभिप्रायाचा फॉर्म १२ जणांनी भरला. आठ जणांनी ५ पैकी ५ गुण दिले आणि चौघांनी १, म्हणजे सरासरी ३.७ आली. ‘फारच प्राथमिक’, ‘फार घाईने सांगितले’, ‘पडद्यावरील कोड वाचता येत नव्हता’ आणि ‘उच्चार कानडी वळणाचे आहेत’ असे शेरे आहेत. यांतून मी काय घ्यावे?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सरासरी प्रथम बाजूला ठेवावी. तुमचे व्याख्यान मध्यम होते, असे त्या बारा जणांपैकी एकानेही म्हटलेले नाही. शिवाय १ देणाऱ्यांपैकी एकाचे मत पालटून त्याने ५ दिले असते, तर हीच सरासरी ४ झाली असती. उरलेले ७४ जण गप्प राहिले, त्यांचे मत या आकड्यात कोठेच नाही. फॉर्म भरण्याची तसदी बहुधा फार आवडलेला किंवा फार वैतागलेला श्रोता घेतो. म्हणूनच क्यूकॉनसारख्या सॉफ्टवेअर परिषदांत बाहेर पडताना दारापाशी हिरवे, पिवळे वा लाल कार्ड टाकण्याची पद्धत वापरली गेली: तपशील कमी मिळतो, पण मते अधिक जमतात.

शेऱ्यांपैकी पहिले दोन मला सर्वांत मोलाचे वाटतात. एकाला प्राथमिक आणि दुसऱ्याला घाईचे वाटले, म्हणून दोन्ही शेरे एकमेकांना छेद देतात असे समजून सोडून देऊ नयेत. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एकच अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतील चिन्हांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणात, ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार संकेतांचे असते आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट व्यापते. हे ज्याला ठाऊक आहे तो कंटाळतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला हे समजायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात तुम्ही पुढे गेलेले असता. दोष बोलण्याच्या गतीपेक्षा कार्यक्रमपत्रिकेतील परिचयाचा असावा: व्याख्यान कोणासाठी आहे आणि श्रोत्याला आधी काय माहीत असावे, हे त्यात लिहिले होते का, ते पाहावे.

कोड न दिसल्याची तक्रार एकाचीच असली तरी ती निमूटपणे मान्य करावी, कारण शेवटच्या रांगेतून पडदा कसा दिसतो हे तिथे बसलेल्यालाच कळते. उच्चारांविषयीचा शेरा मात्र, कोणता शब्द कळला नाही हे त्यात सांगितलेले नसेल, तर खुशाल बाजूला सारावा. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या भागातील माणसाच्या जिभेवर तिन्हींचा हेल असायचाच.

कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना तुम्ही गेला असाल. तिथे आभारप्रदर्शन झाले की वक्त्याला चहाच्या कपाबरोबर तोंडावर मत ऐकायला मिळते, आणि ‘म्हणजे नेमके काय?’ असे त्याला लगेच विचारता येते. फॉर्ममध्ये ती सोय नाही. तेव्हा पुढच्या वेळी शेवटची पाच मिनिटे राखून ठेवून ‘कोणता भाग समजला नाही?’ एवढा एकच प्रश्न सभागृहातच विचारावा. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याला सगळे ‘छान’ म्हणतात.