अँटेनाचे शिक्षण म्हणजे टॉवरवर चढणे नव्हे

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती करतो. मुलगी बारावी विज्ञानला आहे. गावात मोबाईलला रेंज नसते, म्हणून तिला पुढच्या पिढीच्या, म्हणजे ६जीच्या अँटेनांवर काम करायचे आहे. नातेवाईक म्हणतात, त्यात टॉवरवर चढावे लागते, त्यापेक्षा कॉम्प्युटर घ्या. काय करावे? – एक पालक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सप्रेम नमस्कार.

टॉवरवर अँटेना बसवणारा तंत्रज्ञ वेगळा आणि तिची रचना करणारा अभियंता वेगळा. आपल्या मुलीला दुसरे काम करायचे आहे आणि ते प्रामुख्याने गणित, भौतिकशास्त्र, संगणक आणि प्रयोगशाळा यांच्या आधाराने चालते.

त्या कामाचे स्वरूप थोडे जवळून पाहू. उदाहरण सध्याच्या ५जीचेच घेऊ. भारतात ५जीसाठी २०२२ मध्ये लिलाव झालेल्या वारंवारतेच्या पट्ट्यांपैकी २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर असते. अँटेनाचे दोन घटक साधारणपणे अर्ध्या लहरीच्या अंतरावर ठेवतात, त्यामुळे आठ ओळींत आठ असे ६४ घटक पाच सेंटिमीटरपेक्षाही लहान चौकोनात मावतात. प्रत्येक घटकाला मिळणाऱ्या संकेताची कला (फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ) किंचित मागेपुढे केली, की अँटेना जागची न हलवता तिचा झोत हव्या त्या दिशेला वळवता येतो. मात्र या वारंवारतेला भिंत, झाडाची पाने आणि जोराचा पाऊस अडवतात, नेहमीच्या सर्किट बोर्डात बरीच शक्ती वाया जाते आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूकही महागात पडते. खरे अभियांत्रिकी कौशल्य इथेच लागते, आणि मला हा विषय मोलाचा वाटतो तो यासाठीच.

एक गोष्ट मुलीला आताच सांगितलेली बरी. विखुरलेल्या गावांना रेंज देण्यासाठी ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारता अधिक उपयोगी पडतात, कारण त्या दूरवर पोहोचतात. २६ गिगाहर्ट्झचा उपयोग मुख्यतः दाट वस्तीत, थोड्या अंतरावर भरपूर डेटा पोहोचवण्यासाठी होतो. तिचा हेतू गावाच्या रेंजचा असेल, तर तिने दोन्ही बाजू शिकाव्यात. दोन्हींच्या मुळाशी विद्युतचुंबकीय सिद्धांत एकच आहे.

नोकरीबाबत स्पष्टच लिहितो. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेच्या विद्यार्थ्यांनाही बी.टेक.नंतर कॅम्पसमधून मिळणाऱ्या नोकऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरच्याच असतात. अँटेनाच्या रचनेचे काम हवे असेल, तर ‘गेट’ परीक्षा देऊन एम.टेक. करण्याची तयारी ठेवावी लागेल, म्हणजे बारावीनंतर सहा वर्षे. त्यानंतर अहमदाबादचे इस्रोचे अंतराळ उपयोग केंद्र, मुंबईची ‘समीर’ ही सूक्ष्मतरंग संशोधन संस्था, सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था, संरक्षण प्रयोगशाळा आणि बंगळुरू-हैदराबादच्या खासगी कंपन्या असे मार्ग आहेत, आणि मोटारींमधील रडारपासून उपग्रहांपर्यंत हेच ज्ञान लागते. एवढी वर्षे थांबणे घराला जमणार नसेल, तर कॉम्प्युटर शाखा घेण्यात कमीपणा नाही. परंतु केवळ नातेवाइकांच्या धाकाने ती घेऊ नये.

प्रवेशासाठी नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन लागते, तर अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शेगावचे श्री संत गजानन महाराज महाविद्यालय यांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन माफ करते, मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा. त्यामुळे उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला आताच काढून ठेवा.

महाविद्यालय ठरवताना मुलीला घेऊन प्रत्यक्ष जा आणि विभागात विचारा, की नेटवर्क ॲनालायझर (अँटेना व सर्किट वेगवेगळ्या वारंवारतांवर कसे चालतात हे मोजणारे यंत्र) आहे का, तो किती गिगाहर्ट्झपर्यंत मोजतो आणि बी.टेक.च्या विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का.