वाचक विचारतात : फसली सन, मोडी आणि हैदराबाद गॅझेटियर

प्रश्न : मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणाऱ्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर घरातले जुने कागद बाहेर काढले. एक मोडीत आहे, एक उर्दूत. उर्दू कागदावर ‘1342 फसली, तीर’ असे असल्याचे कळले. हे साल कोणते? पणजोबांचे नाव हैदराबाद गॅझेटियरमध्ये सापडेल का?
– एक वाचक, परतूर

उत्तर : गॅझेटियरमध्ये नाव शोधू नका. त्यात प्रदेशाचे वर्णन आणि जातनिहाय लोकसंख्येचे आकडे आहेत. पणजोबा त्या आकड्यांत होते हे सांगायला गावचाच कागद लागतो. सगळा राजकीय वाद गॅझेटियरभोवती फिरतो आहे, म्हणून हे ठासून सांगावे लागते.

आता साल. निजामी राज्यात फसली, म्हणजे महसुली, वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. इसवी सन काढायला, महिना आजूर, दै, बहमन असेल तर फसली सालात 590 मिळवा (बहमनचा शेवट मात्र जानेवारीत जातो), इस्फंदारपासून पुढे 591. तीर हा आठवा महिना, म्हणजे तुमचा कागद 1933 च्या मे-जूनमधला. मुंबई इलाख्यात फसली जूनमध्ये, मृगाला बदले. तिकडचा तक्ता इकडे लावला तर जून ते ऑक्टोबरच्या तारखा वर्षभर मागे जातात.

पण आकडे आधी पुन्हा तपासून घ्या. उर्दूतला पाच गोलसर असतो, त्याला आपण सवयीने शून्य समजतो. उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात इंग्रजी व्हीसारखा, आठ म्हणजे तोच उलटा. मजकूर उजवीकडून वाचायचा, आकडे मात्र डावीकडून.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. त्यामुळे आडनावे हमखास चुकतात. आधी गावाचे नाव ओळखा, त्यातली अक्षरे त्याच लेखकाच्या हातची समजून पुढे जुळवा. दोन जाणकारांकडून वेगवेगळे वाचून घेतलेले बरे.

जालना जिल्हा 1981 चा. परतूर त्याआधी परभणीत होते. तेव्हा जुन्या नोंदी परभणीच्या नावाखालीही शोधा. नकलेच्या अर्जात गट नंबराबरोबर जुना सर्व्हे नंबर लिहा, कारण निजामी कागदांवर गट नंबर नसतो. आणि 1954-55 चे खासरा पत्रक (जमीन आणि तिच्या धारकांची जुनी नोंद) आवर्जून मागा : पणजोबा ते आजोबा ही नावांची साखळी बहुधा तिथेच जुळते.