पहिल्यांदाच कॉन्फरन्समध्ये पोस्टर सादर करायचं आहे, इंग्रजीची भीती वाटते. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एम.टेक. करताय, पेपर निवडला गेला पण भाषणाऐवजी पोस्टर मिळालं (म्हणजे काम एका मोठ्या कागदावर मांडायचं आणि शेजारी उभं राहून येणाऱ्यांना समजवायचं), आणि दोन तास उभं राहून इंग्रजीत बोलायच्या विचारानेच पोटात गोळा येतोय. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि २०२४ साली अथेन्सला आयसीडीएआरमध्ये, म्हणजे कागदपत्रं संगणकाकडून वाचून घेण्याच्या विषयावरच्या कॉन्फरन्समध्ये, पोस्टर घेऊन गेले होते. तो गोळा माझ्या चांगला ओळखीचा आहे.

भाषण मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. चॅटजीपीटीसारखी आजची बहुतेक सगळी मोठी भाषा-मॉडेलं ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी आहेत, ती २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत लाँग बीचला निप्स या कॉन्फरन्समध्ये (आता तिला न्यूरिप्स म्हणतात) पोस्टर म्हणूनच मांडली गेली होती. त्या पेपरच्या आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. भाषणाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि शेवटी घाईघाईत दोन प्रश्न. पोस्टरपाशी जो थांबतो तो स्वतःहून थांबलेला असतो, त्याला खरंच ऐकायचं असतं.

माझा विषय मोडी लिपीची जुनी हस्तलिखितं संगणकाकडून वाचून घेणं. पहिलं पोस्टर मी कसं केलं? पेपरमधले परिच्छेद उचलले आणि तीन रकान्यांत चिकटवले. लॅबमधल्या एका ज्युनियरला पाच-सहा पावलं मागे उभं केलं, तर ती म्हणाली, "ताई, शीर्षक सोडून काहीच दिसत नाही." त्या रात्री सगळं पुसलं आणि मधोमध फक्त एक चित्र ठेवलं: मोडीची एक ओळ, हातभर लांब. मोडीत शिरोरेषा आधीच ओळभर ओढून घेतात, मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपला हेच संगणकाला कळत नाही. ही अडचण इंग्रजीत समजवायला मला चार वाक्यं लागायची. चित्रावर बोट ठेवलं की एक वाक्य पुरायचं. त्याखाली माझ्या मॉडेलने, म्हणजे मोडी वाचायला शिकवलेल्या प्रोग्रॅमने, वाचलेली तीच ओळ देवनागरीत दिली, आणि चुकलेली अक्षरं जाड रेषेने अधोरेखित केली. लाल-हिरवं मुद्दाम टाळलं, कारण युरोपीय वंशाच्या साधारण बारा पुरुषांतल्या एकाला त्या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही.

तुमचा विषय वेगळा असेल, पण असं एखादं चित्र शोधाच. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या संशोधकाने मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष आणि बाजूला क्यूआर कोड अशी मांडणी सुचवली, ती खूप गाजली. लांबून माणूस खेचायला ती उत्तम आहे. पण आपल्या क्षेत्रातले लोक नुसत्या वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना उदाहरण बघायचं असतं, मग निकालांच्या आकड्यांचा तक्ता. दोन्हीला जागा ठेवा.

छपाईचं थोडक्यात सांगते. बोर्डाचं माप आणि आडवं की उभं, हे आयोजकांच्या सूचनेतून आधी बघा. सरसकट ए-झिरो हे कागदाचं माप धरू नका. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण दिव्याखाली चकाकतो. कापडावर छापलं तर घडी घालून बॅगेत जातं, नळकांडं मिरवावं लागत नाही. पोस्टरवर देवनागरी असेल तर दुकानदाराला फाइल देण्याआधी मजकूर आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदलून घ्या. नाहीतर त्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि ते ध्यानात येतं ते छापून हातात आल्यावर.

आता बोलण्याचं. सगळं पाठ करून जाऊ नका. मी पाच मिनिटांचं पाठ केलं होतं. पहिल्या माणसाने दुसऱ्याच वाक्याला मध्ये प्रश्न विचारला आणि माझा धागा तुटला तो तुटलाच. तो बिचारा मान डोलावून पुढे गेला. मग शेजारच्या बोर्डापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघत राहिले. ती येणाऱ्याला आधी विचारायची, "तुम्ही कशावर काम करता?" उत्तर ऐकून मग ठरवायची कुठून सुरू करायचं. मी तेच उचललं. समोरचा हस्तलिखितांतला असेल तर मोडी म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं आणि तडक आकड्यांकडे जायचं. भाषा-मॉडेलवाला असेल तर लिपीपासून सावकाश सुरुवात करायची. शिवाय समोरचा दोन वाक्यं बोलेपर्यंत आपला श्वास जागेवर येतो, हा फायदा वेगळाच. तिथे आलेल्यांत ग्रीक होते, जपानी होते, फ्रेंच होते. बहुतेकांची इंग्रजी शिकलेलीच. माझं व्याकरण चुकलं म्हणून कोणी निघून गेलं नाही. वेग वाढला तेव्हा मात्र गेले.

घरी सराव करताना आधी मराठीत बोला. मी आईला समोर बसवून सांगितलं. तिला जिथे कळलं नाही तिथे माझंच नीट समजलेलं नव्हतं, भाषेचा दोष नव्हता. मराठीत सलग सांगता आलं की मग इंग्रजीत अर्ध्या मिनिटाचं आणि दोन मिनिटांचं अशी दोनच रूपं तयार करा.

पोस्टर का महत्त्वाचं, हे मला शेवटच्या अर्ध्या तासात कळलं. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ तक्ता बघत उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं: "प्रशिक्षणात आणि चाचणीत एकाच लेखनिकाची पानं आहेत का?" मॉडेलला शिकवायची पानं आणि मग त्याची चाचणी घ्यायची पानं मी कशीही मिसळून वेगळी केली होती. म्हणजे एकाच लेखनिकाची पानं दोन्हीकडे होती. मॉडेल मोडी शिकलं की त्या एका कारकुनाचं वळण शिकलं, हे माझ्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं. पेपरच्या तिन्ही परीक्षकांनी हे विचारलं नव्हतं. मी त्यांना सरळ सांगितलं की हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि वहीत लिहून घेतलं. मग ते वीस मिनिटं थांबले. वळणांनुसार पानं कशी वेगळी करता येतील ते त्यांनी माझ्या वहीत काढून दाखवलं. परत आल्यावर त्याप्रमाणे सगळे प्रयोग पुन्हा केले. आकडे घसरले. प्रबंधात तेच घसरलेले आकडे आहेत.

म्हणून खिशात वही-पेन ठेवाच, आणि प्रत्येक माणूस गेला की लगेच त्याचा प्रश्न लिहा. दोन तासांनी काही आठवत नाही. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा.

प्रवासखर्चाचं ठरलं नसेल, तर एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्रातल्या दोन संस्था मिळून भारतातल्या विद्यार्थ्यांना परदेशी कॉन्फरन्ससाठी अनुदान देतात. त्याचे निकष आजच बघा, मार्गदर्शकांशीही बोला. आणि व्हिसाला वेळ लागतो, त्यामुळे आयोजकांकडे निमंत्रणपत्र याच आठवड्यात मागा.